कुत्र्या-मांजरांचे डोळे : तुमचे अनुभव लिहा

आमच्या बीगलच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एका रात्रीत लाल गोळा आला. चेरी आय. म्हणजे तिसऱ्या पापणीची ग्रंथी बाहेर आली होती. पहिले डॉक्टर म्हणाले, कापून टाकू. दुसऱ्यांनी ती खिसा करून आत बसवली, कारण डोळ्यातलं साधारण एक तृतीयांश पाणी तीच ग्रंथी तयार करते. कापली असती तर पुढे डोळा कोरडा पडण्याची भीती. तुमच्याकडे काय काय झालंय?

*

तोच कोरडा डोळा आमच्या शिट्झूला आहे. सारखी हिरवट, चिकट चिपडं. किती दिवस ‘इन्फेक्शन’ म्हणून ड्रॉप्स चालले होते! मग एका डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली. मिनिटात पंधरा मिलिमीटर तरी भिजायला हवी, ती चारवरच थांबली. आता सायक्लोस्पोरिनचं मलम, जन्मभर. महाग आहे, पण डोळा स्वच्छ.

*

पगवाल्यांनो, डोळा मिचकावत असेल तर घरातले ड्रॉप्स नको. शेजारच्या काकांनी प्रेमाने स्वतःची बाटली आणून दिली होती, त्यात स्टिरॉइड. डॉक्टरांनी आधी डोळ्यात रंग घालून निळा दिवा मारला, तर कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थरावर, हिरवीगार जखम! अशा जखमेवर स्टिरॉइड पडलं तर ती चिघळून डोळा फुटूही शकतो म्हणे.

*

आमची मनी, वय चौदा. एके सकाळी दाराच्या चौकटीला धडकली. भर उन्हात बाहुल्या टपोऱ्या काळ्या, बोट नेलं तरी हलेनात. मोतीबिंदू असेल असं घरात सगळ्यांचं मत. डॉक्टरांनी मात्र आधी बीपी बघितलं. मांजराचं बीपी! शेपटीला इवलासा पट्टा बांधून. दोनशेच्या वर निघालं. पडदे सुटले होते, आणि मूळ दुखणं किडनीचं. ॲम्लोडिपिन (बीपीचं औषध) सुरू केलं, एका डोळ्याला अंधूक दिसतंय, दुसरा गेला. पण बाई ठणठणीत आहेत. खाण्याची वाटी, शी-शूचा ट्रे, सोफा, काही म्हणजे काही जागचं हलवत नाही. हात लावण्याआधी हाक मारते, नाहीतर पंजा बसतो. दहाच्या पुढच्या मांजरांचं बीपी बघून घ्याच.

*

आमच्या लॅबला मधुमेह. साखर आटोक्यात येईतो दोन्ही डोळे दुधाळ झाले, मोतीबिंदू. कुत्र्यांत हे फार होतं, मांजरांत क्वचित. ऑपरेशनआधी पडदा काम करतोय का ते तपासतात, आमचा पास झाला. ऑपरेशनपेक्षा नंतरचे ड्रॉप्सच जीव खातात. चाळीस किलोचं धूड, बाटली दिसली की पलंगाखाली! कोणाकडे युक्ती?

*

समोरून जाऊ नका. मागे बसून हनुवटी वर धरा आणि डोक्यावरून हात आणून थेंब टाका, बाटली दिसतच नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि लगेच चीजचा तुकडा.