अख्तर-उल-ईमान यांनी सिनेमाची गाणी लिहायला हवी होती का?

शब्दवेडी:
परवा घरी 'वक्त' (1965) पुन्हा पाहिला. राजकुमारचे संवाद सगळ्यांना पाठ, साहिरची गाणी आई अजून गुणगुणते. पण संवाद कुणाचे, ते एकालाही सांगता येईना. ते अख्तर-उल-ईमान यांचे. 1962 साली 'यादें' संग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले उर्दू कवी. आयुष्यभर सिनेमावर पोट, पण सिनेमासाठी गाणी लिहायची नाहीत हे त्यांनी पाळलं. गझलेलाही बाजूला ठेवून नज्म, म्हणजे एकाच विषयावरची सलग कविता, लिहीत राहिले. मला हे चुकलं असं वाटतं. साहिर, कैफी, मजरूह रेडिओवरून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले. यांनी दार आतून लावून घेतलं आणि नुकसान आपलं झालं.

नदीकाठ:
अजिबात पटलं नाही. त्यांची 'मस्जिद' वाचा. ओसाड मशीद, आत एकच मळकट, एकटा दिवा. तो थरथरत्या हातांना रोज म्हणतो, तुम्ही लावून जाता, विझवायला मात्र कधी येत नाही. शेवटी नदी लांबून ओरडते, उद्या काठ फोडून तुलाही घेऊन जाईन. याचा मुखडा कुठला करणार? त्यांची भाषा मुद्दाम खडबडीत आहे, चालीवर बसवायला गेलात तर तिचे कोपरे घासावे लागतील. आपण मर्ढेकरांकडे भावगीतं मागतो का?

शब्दवेडी:
मर्ढेकरांचं पोट सिनेमावर नव्हतं. आणि कोपरे घासले म्हणून कविता मरतेच असं कुठे आहे? साहिरची 'चकले' (म्हणजे वेश्यावस्त्या) ही नज्म 'प्यासा'त आली. 'सना-ख्वान-ए-तक्दीस-ए-मशरिक' (पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणारे) याच्या जागी 'जिन्हें नाज़ है हिंद पर' आलं. सोपं झालं, पण धार गेली का? उलट ज्यांना उर्दूचा गंध नाही त्यांच्याही काळजाला ती ओळ भिडली.

नदीकाठ:
साहिरना जमलं, कारण त्यांची मूळ कविताच सभेत उभं राहून म्हणण्यासारखी होती. अख्तरसाहेब स्वतःशी बोलतात. दोघांना एकच माप लावू नका.

पानशेतवाला:
तुम्ही दोघं आवडीनिवडीवर भांडताय, पैशाचं कुणीच बोलत नाही. हा माणूस दिल्लीत दर्यागंजच्या अनाथालयातल्या शाळेत शिकला. सिनेमातली नोकरी सुरू झाली ती आपल्या पुण्यात, शालिमार पिक्चर्समध्ये. पुढे मुंबईत उर्दू कवी मीराजींसारख्या कफल्लक मित्राला 1949 मध्ये ते जाईपर्यंत सांभाळलं. संवाद लिहून घर चाललं म्हणूनच नज्म कुणाच्या ऑर्डरीवर लिहावी लागली नाही. 'कानून' (1960) तर बिनगाण्यांचा सिनेमा, त्याचेही संवाद यांचेच.
पण ही सोय फुकट मिळाली नाही, हे ते स्वतःच सांगतात. 'एक लड़का' वाचा. लहानपणी बिऱ्हाड या गावाहून त्या गावाला हलायचं. बैलगाडीत सामान चढलंय आणि पोराचा पाय निघत नाहीये, ही त्या नज्मेमागची आठवण. तोच पोरगा पुढे आयुष्यभर पाठ सोडत नाही. पुन्हा पुन्हा विचारतो, अख्तर-उल-ईमान तूच का? कवी कबूल करतो की रोजीरोटी दुसऱ्यांच्या हातात आहे, माझ्याकडे एक तल्लख बुद्धी तेवढी. शेवटी चिडून सांगतो, तो मुलगा कधीच मेला. पोरगा हसतो आणि हळूच म्हणतो, खोटं आहे, बघ, मी जिवंत आहे.
गाणी लिहिली असती तर पोराला 'मी जिवंत आहे' हे उत्तर देता आलं असतं का, मला शंका आहे.

नदीकाठ:
हेच मला म्हणायचं होतं, नीट मांडता आलं नाही.

शब्दवेडी:
'एक लड़का' देवनागरीत मिळाली, दोनदा वाचली. 'आमों के बाग़ों में' पळणारा तो मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. गाण्यांबद्दल माझं मत अजून तेच आहे, पानशेतवाले. आईला वाचून दाखवली, तर तिने विचारलं, याला चाल का नाही लावली कुणी?