भरीत पार्टी केली म्हणजे टीम झाली का?

रात्रपाळीवाला
जळगाव एमआयडीसीत पाईपाच्या कारखान्यात आहे, नाव सांगत नाही. मागच्या महिन्यात एचआरने टीम बिल्डिंग म्हणून यावलकडे मळ्यात भरीत पार्टी ठेवली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, वर रस्सीखेच, तिन्ही पाळ्यांचे लोक गळ्यात गळे घालून फोटोत. आणि सोमवारी? ९० एमएमचा डाय (पाईपाचा साईज ठरवणारा साचा) काढून ११० चा लावायचा होता, त्याला आमच्याकडे तीन-साडेतीन तास जातात आणि तेवढा वेळ टनेज, म्हणजे किती टन माल निघाला तो आकडा, शून्य. बोर्डावर आकडा पाळीनुसार लागतो, बोनस पण त्यावरच, म्हणून पहिल्या पाळीने जुनाच साईज रेटला, दुसरीनेही तेच केलं, आणि रात्री अकराला आमच्या गळ्यात पडलं. रजिस्टरमध्ये लिहिलेलं काय, तर 'मशीन ओके'. माझं म्हणणं एवढंच की बोर्ड असा लावला तर माणसं एकमेकांना गाळात घालणारच, भरीत कितीही झणझणीत असू द्या.

भुसावळची_ताई
भाऊ, पार्टीला उगाच नावं ठेवू नका. मी एचआरमध्येच आहे, दुसऱ्या कंपनीत. 'मशीन ओके' का लिहिलं जातं ते बघा ना, खरं लिहिलं तर सुपरवायझर सगळ्यांसमोर झापतो म्हणून. एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या टीम अभ्यासल्या, तर चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद उलट जास्त निघाली, कारण तिथे लोक चूक सांगायला घाबरत नव्हते. १९९९ ला टीममध्ये न घाबरता बोलता येण्यावर त्यांचा पेपर आला. ती भीती बोर्ड बदलून जात नाही, ओळख वाढली की जाते.

रात्रपाळीवाला
ताई, ओळख आहेच की. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर माझ्या चुलतभावाचा साला आहे!! तरी डाय माझ्यावरच ढकलला.

पांझराकाठ
साक्रीकडचा आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर बंधारा, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याचे तुकडे बहुधा वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असलं की एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ एकट्या शेपटाकडच्याला नाही, थोडी थोडी सगळ्यांना. पाणी पाटकरी सोडणार, शेतकऱ्याने हात लावायचा नाही. पाट साफ करायला सगळे. भाऊबंदकी तेव्हाही होतीच, कोर्टात भांडणारे दोघं पण पाटाच्या गाळात शेजारी शेजारी उभे राहायचे. तेव्हा रात्रपाळीवाल्याचं खरं शे. तिन्ही पाळ्यांचा आकडा आठवड्याचा मिळून एकच लावा.

कडू_कारलं
आणि मग फुकटे पोसा. भागीचं घोडं किवणाने मेलं, ऐकलंय ना? तुमच्या रस्सीखेचीचीच गोष्ट आहे, रिंगेलमान नावाच्या फ्रेंच माणसाने लोकांना दोर ओढायला लावून जोर मोजला, १९१३ ला छापलं. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतो त्याच्या जेमतेम निम्मा. मी धुळ्यात गॅरेज चालवतो, सहा पोरं आहेत, सगळ्यांचा इन्सेन्टिव्ह एकत्र केला होता. दोन महिन्यांत जो पोरगा सगळ्यात भारी होता तोच सोडून गेला. आणि फडाचं कौतुक पुरे राव, ऊस आला, विहिरीवर मोटारी आल्या, तेव्हा किती फड टिकले?

पांझराकाठ
मोटार ज्याची त्याची झाली म्हणूनच मोडले ना भाऊ! तुम्ही माझंच बोलताय.

भुसावळची_ताई
कारलं दादा, भारी पोरगा का गेला ते विचारलं का त्याला जाताना?

कडू_कारलं
नाही विचारलं. रागात होतो.

रात्रपाळीवाला
फुकट्यांचा मुद्दा खोटा नाही, आमच्या पाळीत चार जण, त्यातला एक दोन वाजता पोत्यांवर आडवा होतो. म्हणून बोनस एकत्र नको, मी म्हणतो डाय बदलीचे तास टनेजच्या हिशोबातून वगळा, म्हणजे ज्याने बदलला त्याचं नुकसान नाही. सोमवारी प्लांट हेडशी बोलणार आहे.

कडू_कारलं
मग तीन तासाचा डाय पाच तास चालेल, लिहून ठेव.

रात्रपाळीवाला
हं. मग साडेतीनच्या पुढचे तास पाळीच्या अंगावर. ताई, हे एचआरच्या भाषेत कसं लिहायचं तेवढं सांगा, आमचा साहेब मेलशिवाय ऐकत नाही.

भुसावळची_ताई
मेसेज करा भाऊ, ड्राफ्ट देते. पण सुपरवायझरच्या झापण्याचं पण त्यात टाकणार, सोडणार नाही मी.