दुवा पाठवल्यावर प्रत्येक पानाचे स्वतःचे चित्र कसे दिसेल?

सत्तरीकर:
नमस्कार. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीत, बांधल्या जाणाऱ्या फळांची आणि रानवेलींची नोंद ठेवणारे एक छोटे संकेतस्थळ आम्ही काही मित्र चालवतो. आंबाडे, कवंडळ, सुपारीचे घोस अशा प्रत्येकाचे वेगळे पान असून त्यावर आम्ही स्वतः रानात जाऊन टिपलेले छायाचित्र आहे. मात्र कोणत्याही पानाचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर पाठवला, तरी आमचे बोधचिन्ह आणि ‘मुख्य पान’ एवढेच शब्द दिसतात. गावातले बहुतेक लोक चित्र पाहूनच दुवा उघडतात, म्हणून चवथीपूर्वी हे सुधारायचे आहे. काय करावे?

फोंडेकर:
आपल्या एखाद्या पानाचा सोर्स कोड (पानामागचा मूळ मजकूर) उघडून त्याच्या सुरुवातीच्या हेड विभागात ‘ओजी:’ने सुरू होणारे मेटा टॅग, म्हणजे पानाची माहिती देणाऱ्या पण पानावर न दिसणाऱ्या ओळी, शोधावेत. फेसबुकने २०१० साली आणलेल्या ओपन ग्राफ या पद्धतीचे हे टॅग असून व्हॉट्सअ‍ॅप, लिंक्डइन आणि एक्स (पूर्वीचे ट्विटर) हेही ते वाचतात. टायटल, टाइप, इमेज आणि यूआरएल हे चार आवश्यक मानले जातात. डिस्क्रिप्शन ऐच्छिक असले तरी ते जरूर द्यावे. आपल्या संकेतस्थळाच्या साच्यात (सर्व पाने ज्यावरून तयार होतात त्या आराखड्यात) हे टॅग एकदाच लिहून सर्व पानांना लागू केलेले असावेत, असा माझा कयास आहे. प्रत्येक पानाला त्याचे स्वतःचे टॅग मिळाले पाहिजेत, आणि चित्राचा पत्ता ‘एचटीटीपीएस’पासून संपूर्ण लिहिला पाहिजे, अर्धवट पत्ता ब्राउझरला कळतो, पण दुवा वाचणाऱ्या यंत्रणेला त्यावरून चित्र सापडेलच असे नाही. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे ठेवावे. एक्सवर मोठे चित्र हवे असल्यास ‘ट्विटर:कार्ड’ हा टॅगही जोडावा.

म्हापशाचा वाचक:
वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड देतो. हे टॅग जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमने, मागाहून भरले जात असतील तर उपयोग नाही, कारण फेसबुकची यंत्रणा जावास्क्रिप्ट न चालवता सर्व्हरकडून आलेला मजकूरच वाचते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपसाठी चित्र ६०० केबीच्या आत असावे. कॅमेऱ्यातले कित्येक एमबीचे छायाचित्र जसेच्या तसे चढवले, तर चित्राविना नुसता मथळा दिसण्याचा संभव असतो. तेथे चित्र पुष्कळदा चौरस कापले जाते, तेव्हा फळ मधोमध येईल असेच छायाचित्र निवडावे.

दुसरे असे की पानांचे पत्ते देवनागरीत ठेवू नयेत, असे मला अनुभवाने वाटते. दुवा कॉपी करताना देवनागरीतील प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा नऊ चिन्हांची होते. ‘माटोळी’ या एका शब्दाचीच ५४ चिन्हे होतात आणि संदेशात त्या अगम्य ओळीपुढे आपला सुंदर मथळा झाकोळतो. पत्ता रोमन लिपीत आखूड ठेवावा, मथळा आणि वर्णन मात्र शुद्ध मराठीतच द्यावे.

सत्तरीकर:
आपणा दोघांचे मनापासून आभार. कयास खरा ठरला. साच्यातच एक चित्र कायमचे लिहिलेले होते. ते बदलून कवंडळाच्या पानाला वेगळे टॅग दिले, तरी फेसबुकवर अजून बोधचिन्हच दिसते. तसेच गटांत आधी पाठवलेले संदेश आपोआप सुधारतील का?

फोंडेकर:
फेसबुक एकदा वाचलेली माहिती साठवून ठेवते. त्यांच्या शेअरिंग डिबगर या पानावर आपला दुवा टाकून तो पुन्हा वाचायला लावावा. चित्र बदलताना फाइलचे नावही बदलले, तर जुनी प्रत दिसण्याचा प्रश्न सहसा उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरील जुने संदेश मात्र बदलणार नाहीत, कारण तेथे झलक पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन संदेशासोबतच जाते. त्या गटांत दुवा नव्याने पाठवावा लागेल.

सत्तरीकर:
डिबगरमधून पुन्हा वाचून घेतले आणि कवंडळाचे लालभडक फळ दिसू लागले. उरलेल्या पानांचे काम आज रात्रीच हाती घेतो. देव बरें करूं.