लाल दवेचा डाग आणि मँगॅनीजचं +७: सात इलेक्ट्रॉन खरंच जातात का?

रामबागची आजी (इंदूर)
द्राक्षं आणली की मी ती लाल दवेच्या (म्हणजे पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्यात घालून ठेवते, सासूबाईंची सवय. परवा पुडीतले दाणे जरा जास्त पडले, पाणी जांभळंगर्द झालं. सकाळी पाहते तर चिनी मातीच्या बेसिनला आणि माझ्या बोटांना तपकिरी डाग. साबणाने हलेनात.

नातू अकरावीत आहे. म्हणाला, "आजी, मँगॅनीज प्लस सातवरून प्लस चारवर आलंय." मी विचारलं, सात म्हणजे काय रे, सात इलेक्ट्रॉन गेले? आधी "हो" म्हणाला, मग अडखळला. सोडियमचा तर एकच जातो, मग याचे सात कसे? क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणे नियम पाठ कर, पेपरात तेवढंच लागतं. मला ते आवडलं नाही. पोरगं विचारतंय तर सांगायला नको? शिवाय लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा हिशेब केला की लोखंडाला ८/३ येतं, त्यावरही तो अडलाय. मी विज्ञान शिकलेले नाही, पण नीट सांगितलं तर कळेल मला.

स्नेहलतागंज
आजी, डागावर लिंबू चोळा. फक्त ओटा संगमरवरी किंवा कडाप्प्याचा असेल तर त्यावर रस सांडू देऊ नका, दगड खाल्ला जातो.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
आजी, नमस्कार. कॉलेजच्या लॅबमध्ये माझी अनेक वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

सात इलेक्ट्रॉन कुठेही निघून गेलेले नाहीत. लाल दवेत एका मँगॅनीजभोवती चार ऑक्सिजन असतात आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सामाईक असतात. ऑक्सिजनची ओढ जास्त, म्हणून हिशेब करताना ते सगळे त्याच्या नावावर मांडायचे, असं आपण ठरवलंय. चार ऑक्सिजनचे मिळून −८, पोटॅशियमचा +१, सगळ्यांची बेरीज शून्य यायला हवी, म्हणून मँगॅनीजच्या नावावर +७. हा वहीतला आकडा झाला, यालाच ऑक्सिडेशन नंबर म्हणतात. मँगॅनीजवरचा खरा प्रभार सातच्या पुष्कळ खाली असतो.

आता सोडियम. त्याच्याकडे ११ इलेक्ट्रॉन, त्यातले दहा आतल्या भरलेल्या कवचांत, बाहेर एकटा. तो काढायला मोलमागे ४९६ किलोजूल लागतात आणि दुसरा काढायला एकदम ४५६२. म्हणून त्याची गाडी +१ वर थांबते. मँगॅनीजकडे २५, त्यातले १८ आत आणि सात बाहेर. हे सातही बंधांत भाग घेऊ शकतात, म्हणून त्याची मजल +७ पर्यंत. नातवाला हेही सांगा की इरिडियम या धातूकडे असे नऊ आहेत, आणि त्याची +९ अवस्था २०१४ साली एका वायुरूप आयनात खरोखर सापडली. मला त्या बातमीचा फार आनंद झाला होता.

८/३ चं सोपं आहे. तीन भावांत आठ आंबे: दोघांकडे तीन-तीन, एकाकडे दोन. सरासरी काढली की अपूर्णांक येतो, आंबा कुणी कापलेला नसतो. त्या ऑक्साइडमध्ये दोन लोखंड +३ आणि एक +२ असतं.

मुलांना मी एक प्रयोग दाखवायचो. लाल दवेच्या अगदी फिक्या द्रावणात कॉस्टिक सोडा आणि चिमूटभर साखर. जांभळा रंग आधी निळसर होतो, मग स्वच्छ हिरवा, कोवळ्या मेथीसारखा, आणि शेवटी पिवळट तपकिरी. हिरवा म्हणजे +६, तपकिरी म्हणजे +४. याला रासायनिक सरडा म्हणतात. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा टेबलाभोवती गोळा व्हायची. घरी मात्र करू नका, कॉस्टिक डोळ्यात उडालं तर फार वाईट.

तुमचा डाग त्याच +४ चा, मँगॅनीज डायऑक्साइडचा. त्याला आणखी दोन इलेक्ट्रॉन दिले की ते +२ होतं, ते पाण्यात विरघळतं आणि त्याला रंग जवळजवळ नसतोच. व्हिटॅमिन सीचा एक रेणू बरोबर दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे एकास एक. वजनात मांडलं तर ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी सुमारे २४७ मिलिग्रॅम डागाला पुरतं. तुमच्या बेसिनवर त्याच्या शतांशानेही नसेल. गोळी चुरा, लिंबाच्या रसात कालवा आणि लावा. +७ हा आकडा कागदावरचा असला तरी त्यावरून केलेला हा हिशेब बेसिनवर चुकत नाही, म्हणून मला तो इतका आवडतो.

रामबागची आजी
भाऊ, केलं. गोळी मेडिकलवरून नातवानेच आणली. बोटं आधी पिवळट झाली, मग पाहता पाहता साफ. त्याने वहीत +७, +६, +४, +२ अशी उतरंड काढली आणि प्रत्येक आकड्यापुढे त्या त्या रंगाची पेन्सिल फिरवली. +२ पुढची जागा कोरी ठेवलीय. बेसिनच्या जाळीखाली एक तपकिरी कड अजून आहे, ती पुसू नकोस म्हणाला, उद्या मित्राला दाखवायचीय.