मदत हवी आहे: टीव्ही गेमचे आयसी नव्या पीसीबीवर लावले, चित्र फाटतंय

गंगापूररोडकर: जुन्या टीव्ही गेमचा बोर्ड गंजून गेला होता. त्यातले दोन्ही मोठे आयसी काढले, नेटवरच्या ओपन डिझाईनची पीसीबी करून घेतली आणि तिच्यावर बसवले. बाकी सगळा माल नवा, 5 व्होल्ट बरोबर येतात. पण चित्र तिरकं फाटतं, थांबतच नाही. शनिवारी भाचे येतायत, त्यांना कबूल केलंय. काय बदलू? लवकर सांगा.

अंबड_पॅनलवाला: कुठला गेम? आयसीवर नंबर काय? फोटो टाका. नुसतं 'मोठे आयसी' म्हटल्यावर कोण काय सांगणार?

सिडकोचा_राजू: 7805 बदला. माझ्याकडे सेम झालं होतं, रेग्युलेटर बदलला, विषय संपला.

गंगापूररोडकर: 5 व्होल्ट येतात, वर लिहिलंय.

कॅसेटप्रेमी: एवढा खटाटोप कशाला? रास्पबेरी पाय घ्या, हजारो गेम चालतात.

पंचवटी_टेक: आयसी काढले कसे? हॉट एअर मारला असेल तर गेले समजा. जुन्या तपकिरी बोर्डावरून 40 पिनांचा आयसी सोल्डर शोषायचा पंप आणि विक (तांब्याची जाळी) यांनीच काढायचा.

सिडकोचा_राजू: हॉट एअरने काही होत नाही. मी नेहमी तसेच काढतो. उलट पंपाने ट्रॅक उखडतात.

पंचवटी_टेक: बोर्ड टाकूनच द्यायचाय, ट्रॅक उखडले तर बिघडलं कुठे? आयसी वाचला पाहिजे. आणि नव्या बोर्डावर गोल पिनचा बेस लावायचा, थेट सोल्डर नाही.

गंगापूररोडकर: पंपानेच काढले, बेसही लावलाय. आयसी जिवंत आहेत, गेमचं संगीत ऐकू येतं. फक्त जाड आणि रेंगाळत येतं.

अंबड_पॅनलवाला: हे आधी सांगायचं ना भाऊ! आवाज संथ म्हणजे क्लॉक, आयसीला ताल देणारा सिग्नल, चुकतोय. तो देणारा क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा? आणि नंबर अजून दिले नाहीत.

गंगापूररोडकर: सीपीयू यूए6527पी आणि चित्र काढणारा पीपीयू यूए6538. क्रिस्टल डिझाईनच्या यादीतलाच, 21.477.

सिडकोचा_राजू: मग बरोबर आहे. निन्टेंडोचा सीपीयू मास्टर क्लॉकला 12 ने भागतो, 1.79 मेगाहर्ट्झ येतात. क्रिस्टलला हात लावू नका.

अंबड_पॅनलवाला: राजूभाऊ, ते निन्टेंडोच्या अमेरिकन आयसीचं. हे यूएमसी कंपनीचे आहेत, पॅल म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या टीव्हीसाठी केलेले. पिना जुळतात म्हणून बोर्डावर बसले, पण आतला भागाकार वेगळा. यांना 26.601712 चा क्रिस्टल लागतो. सीपीयू 15 ने भागतो, म्हणजे 1.77. अमेरिकन सीपीयूच्या अगदी जवळ, म्हणून आपल्याकडेही संगीताचे सूर जवळपास तसेच यायचे; 50 हर्ट्झमुळे गेम आणि संगीताची चाल मात्र थोडी धीमीच असायची. फार हुशारीने केलेलं काम आहे ते. तुमच्या 21.477 वर तोच सीपीयू 1.43 ला चालतोय, जवळपास पंचमांश हळू. चित्राचंही तेच: टीव्हीला सेकंदाला 15625 ओळी हव्यात, मिळतात साधारण 12600. टीव्ही पकडणार कसा? जुना बोर्ड फेकला नसेल तर त्यावरचाच क्रिस्टल काढून लावा.

पंचवटी_टेक: हे पटलं. आणि सीपीयूची 29 नंबरची पिन नि पीपीयूची 18, दोन्हींना तोच क्लॉक जातो. एकच क्रिस्टल बदलायचा, बाकी काही नाही.

कॅसेटप्रेमी: आमच्याकडे सामुराई टीव्ही गेम होता. दिवाळीच्या सुट्टीत अख्खी गल्ली घरात असायची. ती 60 पिनांची कॅसेट अजून कुठे मिळते का?

गंगापूररोडकर: जुन्यावर 26.601 च लिहिलंय. बदलला. चित्र थांबलं, आवाजही पहिल्यासारखा! पण सगळं काळंपांढरं. आता काय?

सिडकोचा_राजू: क्रिस्टलजवळ ट्रिमर (स्क्रूसारखा फिरवायचा छोटा भाग) असेल तर हळूहळू फिरवा.

अंबड_पॅनलवाला: थांबा, ट्रिमर नंतर. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टीम काय ठेवलीय?

गंगापूररोडकर: एनटीएससी, अमेरिकन पद्धत. डिझाईनसोबत तसंच लिहिलं होतं.

अंबड_पॅनलवाला: ते लिहिणाऱ्याच्या आयसीसाठी. पॅल करा.

गंगापूररोडकर: आले रंग! अंबडवाले दादा, मनापासून आभार.

सिडकोचा_राजू: 7805 ला हीटसिंक लावा मात्र. पीपीयू करंट खातो, भाचे तासन् तास खेळणार.

कॅसेटप्रेमी: पीसीबी बनवायची गर्बर फाईल द्याल का? माझाही एक माळ्यावर पडलाय.

पंचवटी_टेक: आधी त्याचे आयसी नंबर टाका.