चूर्णाची एकत्र ऑर्डर

ए-२०२ (काकू): सुप्रभात मंडळी 🙏 जांभूळ बी, कारलं, मधुनाशिनी, विजयसार, गुळवेल असं शुगरचं चूर्ण मागवतेय. १० डबे घेतले तर कुरिअर फुकट. माझ्या जावेची उपाशीपोटीची शुगर १९० वरून १३० वर आली. हवं असेल त्यांनी नाव लिहा.

सी-१०४: माझे २.

बी-५०१ (आजोबा): मलाही एक. शुगरची मेटफॉर्मिन गोळी सोडायचीच आहे, फार पोट बिघडतं.

बी-३०३: आजोबा, गोळी सोडू नका हो! माझ्या बाबांनी अशीच सोडली होती. "बरं वाटतंय" म्हणत दोन महिने शुगर तपासलीच नाही. मग रात्रीतून पाच-पाच वेळा लघवीला उठायला लागले, कपडे सैल झाले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, १०.८ निघालं, त्याआधी ७.२ होतं. पोट बिघडतं हे डॉक्टरांना सांगा. हळूहळू विरघळणारी मेटफॉर्मिनही मिळते.

ए-२०२ (काकू): अगं, पण गोळी म्हणजे केमिकलच ना? हे आपलं झाडपाल्याचं.

बी-३०३: काकू, मेटफॉर्मिनचं मूळही झाडपाल्यातच आहे. गॅलेगा नावाची युरोपातली वनस्पती. तिच्यातलं द्रव्य साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच जातीचं सुरक्षित औषध पुढे प्रयोगशाळेत बनलं आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना देऊन पाहिलं. वनस्पतीत गुण असतातच, पण किती द्यायचं, कुणाला द्यायचं हे तपासावं लागतं.

डी-४०२ (फार्मसी कॉलेज): विजयसारावर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) १९९८ चा अभ्यास आहे. नव्याने मधुमेह निघालेल्या ९७ पैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. आशादायक आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. कारलं आणि दालचिनी, दोन्हींवरचे प्रयोग कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये एकत्र तपासले. ठामपणे काही सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही. मेथीने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत साखर उतरली खरी, पण तिथे दिवसाला १०० ग्रॅम पूड दिली होती. आपण चमचाभर भिजवतो.

सी-१०४: मग जाऊबाईंची कशी उतरली?

ए-२०२ (काकू): थांबा, फोन करते.

डी-४०२ (फार्मसी कॉलेज): तोवर एक सांगतो. "हर्बल" म्हणून विकलेल्या काही औषधांत ग्लिबेनक्लामाइड ही शुगरचीच गोळी गुपचूप मिसळलेली सापडली आहे. वर आपली गोळी घेतली की शुगर एकदम खाली जाते, माणूस बेशुद्धही पडतो. डब्यावर "मधुमेह मुळापासून बरा" असं छापलंय का बघा. १९५४ च्या कायद्याने अशी जाहिरात करायला मनाई आहे.

ए-२०२ (काकू): छापलंय खरं. आणि जाऊ म्हणते, गोळी चालूच आहे. शिवाय महिन्याभरापासून रोज पाऊण तास चालते, चहातली साखर बंद. हे मला बोललीच नव्हती.

सी-१०४: काकू, माझे २ तूर्त नको.

ए-२०२ (काकू): ऑर्डर थांबवते. माझा डबा मात्र आमच्या डॉक्टरांना दाखवणार. ते हो म्हणाले तरच, आणि गोळीसोबतच घेईन.

बी-५०१ (आजोबा): माझ्या मशीनच्या पट्ट्या संपल्यात. कुणाकडे आहेत का?

बी-३०३: आजोबा, उद्या ७ वाजता मशीन घेऊन येते. चहा घेऊ नका तोवर.