घरची भाषा, माझा आवाज आणि डोक्यावरचा गुंड

पऱ्हाटी

एकच मेसेज काल तीन ग्रुपांवर आला आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर डोकं फिरलं. कवितेच्या कार्यशाळा घेणारे कुणी गृहस्थ लिहितात की, ज्या भाषेत आईशी भांडता त्याच भाषेत कविता लिहा; बोलीच्या घरात वाढून प्रमाणभाषेत लिहिणारा मुखवटा चढवून बसलेला असतो, त्याला स्वतःचा आवाजच नसतो. खाली टाळ्यांची रांग.

मी अकोल्याकडची. आईशी आजही 'मले-तुले'च चालतं. कविता मात्र मला प्रमाण मराठीत सुचते. 'लिहिते' म्हणत नाही, सुचते म्हणतेय. शाळेत पत्र्याची एक पेटी होती, आत चाळीसेक पुस्तकं, मास्तर ती शनिवारी उघडायचे. त्या पेटीतून जी भाषा घरी आली ती फक्त माझ्याशीच बोलायची, कारण घरात दुसरं कुणी वाचत नव्हतं. आता ती उसनी म्हणायची? सुरेश भट अमरावतीचे. गझल फारसीकडून आलेली, भाषा प्रमाण. मग तो आवाज कुणाचा होता?

दोन वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात कविता वाचून खाली बसत होते, तर सूत्रसंचालक माइकवरून म्हणाले, "ताई, आता एखादी वऱ्हाडी होऊन जाऊ द्या, जरा मजा येईल." मजा! आजी गेली त्याची कविता वऱ्हाडीत वाचली असती तरी लोक पहिल्या ओळीला हसले असते.

उलट बाजूनेही मार खाल्लाय. एका दिवाळी अंकाला दिलेल्या कवितेतल्या ओळी (गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचं भांडं):

डोक्यावरती गुंड तिचा अन्
पायाखाली वाट निखारा

छापून आलं 'डोक्यावरती घागर तिची अन्'. फोन केला तर संपादक म्हणाले, "अहो, वाचकाला वाटेल बाईच्या डोक्यावर गुंड बसलाय." म्हणजे एकाला मी पुरेशी वऱ्हाडी नाही आणि दुसऱ्याला माझा एक शब्दसुद्धा जड होतो. कुठला शब्द कुठे ठेवायचा ते मी ठरवीन, एवढंच म्हणणं आहे.

खानदेशी ठेचा

तो मेसेज मलाही आला, मी अंगठा दिला आणि परत देईन.

ताई, पेटी छान. पण त्या पेटीत तुमच्या आईच्या भाषेतलं एक तरी पुस्तक होतं का? नसणारच. मग 'सुचते' काय म्हणता, 'सुचवली गेली' म्हणा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर जे तोंडात आलं ते आलं. आधी प्रमाणभाषा शिकते, मग गाते, असं त्या म्हणाल्या असत्या तर आज आपल्या हातात काय उरलं असतं?

नववीत निबंधात 'मले वाटते' लिहिलं म्हणून बाईंनी पानभर लाल रेघ मारली होती आणि वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून कुणी म्हणालं की प्रमाणभाषा मला 'आपोआप' येते, की मला ती रेघ दिसते.

भरतीओहोटी

बहिणाबाई तुमच्या बाजूने साक्ष देतील असं समजू नका. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवली म्हणून. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये निघालं, आणि त्याला प्रस्तावना अत्र्यांची. वीस वर्षांनी, १९७२ मध्ये ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, त्याला प्रस्तावना तेंडुलकरांची. थोडक्यात, वेगळ्या भाषेत बोलणाऱ्याला आत शिरायला पासपोर्ट लागतो आणि त्यावर शिक्का मारणारा आधीपासून आत बसलेला असतो. कार्यशाळावाले हे सांगत नाहीत.

दुसरं म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. कुडाळात खानावळ चालवलेला माणूस, भोवताली सगळी मालवणी. कविता प्रमाण मराठीत, वर 'आरती प्रभू' हे नाव. सांगा तो मुखवटा.

आम्हा गोवेकरांचं तर विचारूच नका. आमचे कवी बा. भ. बोरकर, त्यांनी मराठीत लिहिलं, कोंकणीतही लिहिलं. माझी तेवढी पुण्याई नाही. मी मराठीत लिहिलं की घरचे म्हणतात परका झाला, आणि कोंकणीत लिहिलं की पुण्याचे मित्र म्हणतात, "बोली किती गोड आहे रे!" बोली?? इथे थांबतो, नाहीतर हा धागा उद्या सकाळपर्यंत गोवा महाराष्ट्रात जावा की नाही या १९६७ च्या जनमत कौलावर जाईल.

मोजपट्टी

भावनिक चर्चा चालू द्या. कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून सांगतो, संपादकांनी कविता वृत्तातून पाडली. मूळ ओळ सोळा मात्रांची आहे: डोक्यावरती आठ, 'गुंड तिचा अन्' आठ. गुंड तीन मात्रांचा, घागर चारची. लिंग बदललं म्हणून 'तिचा'ची 'तिची' केली, पण मात्रा सतरा झाल्या ते कुणी पाहिलं नाही. बोली-प्रमाणाचा वाद नंतर घाला, आधी मोजायला शिका.

तात्या सांगलीकर

मुळात गुंड म्हणजे घागर नव्हेच. माझे मेहुणे नागपूरचे, त्यांच्याकडे पाहिलाय. घागरीचं तोंड अरुंद, पोट मोठं. गुंड त्यापेक्षा बुटका आणि गोल. संपादकांनी नुसता शब्द नाही, भांडंच बदललं. बाकी बहिणाबाईंची अहिराणी मला फार आवडते.

खानदेशी ठेचा

अहिराणी नाही हो! लेवा गणबोली. किती वेळा सांगायचं? जळगावचं सगळं ते अहिराणी, नागपूरचं सगळं ते वऱ्हाडी, आणि मग आमच्या आवाजावर चर्चा करायची.

तात्या सांगलीकर

चूक मान्य. आवाज कमी करा. गुंडाबद्दल मात्र माझं बरोबर आहे.

पऱ्हाटी

तात्या, बरोबर नाहीये. आमच्याकडचा गुंड बुटका नाही. पितळी, गळ्याशी आत गेलेला, काठ बाहेर वळलेला, आणि आमच्या गुंडाला बुडाशी एक पोचा होता, तो पडवीत ठेवला की डुगडुगायचा.

भरतीओहोटी

आमच्याकडे कळसो. तांब्याचा. कमरेवर घेतात, डोक्यावर नाही.

तात्या सांगलीकर

डोक्यावर घ्यायचा तर खाली कापडाची चुंबळ हवी. कवितेत चुंबळ कुठे आहे?

चकली

एक धागा, सहा भांडी. आणि सगळे टोपणनावाने अस्सल आवाजावर भांडताहेत. चालू द्या, मी चहा टाकते.

दिंडीवाले

वयाने मोठा आहे म्हणून दोन शब्द. 'स्वतःचा आवाज' हा शब्द तुम्ही सगळे ज्या हट्टाने वापरता त्याची मला मौज वाटते. तुकोबा म्हणतात, मी माझ्या बळाने बोलतच नाही. साळुंकी मंजुळ बोलते, पण तिला शिकवणारा धनी वेगळा. कवित्व करायला स्वप्नात येऊन सांगितलं कुणी, तर नामदेवांनी. ज्याच्याइतका खणखणीत आवाज मराठीत नाही, तोच म्हणतो हा माझा नव्हे. आणि इथे पऱ्हाटीताई मालकी हक्काची कागदपत्रं मागताहेत.

पऱ्हाटी

काका, आदर आहे, पण तुकोबांची गोष्ट अशी मध्येच आणून सगळ्यांना गप्प करायची ही जुनी युक्ती आहे. तुकोबा देवाला धनी म्हणतात. माझा धनी कोण, सूत्रसंचालक? आणि मालकी मी मागितलेली नाही, ती माझ्याकडून काढून घेतली जातेय. दोन्हीकडून.

खानदेशी ठेचा

आता खरं बोललात. पण मग गुंडासाठी एवढा जीव का तुटला? बाकी सगळी कविता प्रमाणात, आणि एकच शब्द आईचा ठेवलात. तोच कापला गेला तर तुम्हाला झोप नाही. हे मीच म्हणतोय, फक्त तुम्ही एका शब्दापुरतं म्हणताय. मले काय शिकवता!

पऱ्हाटी

एका शब्दापुरतं मान्य. पुढे नाही.

मोजपट्टी

एक प्रश्न राहिला. दुसरी ओळ मात्रांना चोख आहे, पण खटकते. वाट निखारा. तुमच्या मातोश्री पाणी आणायला भर उन्हात जात होत्या का?

तात्या सांगलीकर

प्रतिमा आहे ती, प्रतिमा! तुम्हाला प्रत्येक गोष्ट फूटपट्टीनेच मोजायची असते का?

मोजपट्टी

विचारलं फक्त. निखारा, वैशाख, अनवाणी पाय हे सगळं मी शंभर कवितांत वाचलंय. गुंड एकाच कवितेत वाचला.

पऱ्हाटी

हे उत्तर द्यायला रात्रभर वेळ लागला, आणि ते तुम्हाला देतेय याचा रागही आहे.

मोजपट्टी, काल तुमचा प्रश्न वाचून आईला फोन केला. कविता तिला कधी वाचून दाखवली नव्हती, आता दाखवली. गुंडावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या ओळीवर म्हणाली, "काहून वं, उनात कोन जाते पान्याले?"

खरंच. हातपंप गल्लीच्या टोकाला होता आणि ती पहाटे साडेचारला जायची, कारण सहानंतर नंबर लागायचा नाही. पंपापाशी कायम चिखल. तिच्या टाचा मला आठवतात, वाळलेल्या चिखलाने पांढऱ्या झालेल्या. निखारा मी कुठून आणला माहीत नाही. बहुतेक त्या पेटीतूनच.

खानदेशी ठेचा, लगेच खूश होऊ नका. निखारा प्रमाणभाषेतला आहे म्हणून खोटा नाही. वऱ्हाडीत लिहिला असता तरी तेवढाच खोटा ठरला असता. आता ओळ अशी केलीय:

डोक्यावरती गुंड तिचा अन्
पायाखाली चिखल पहाटे

मोजपट्टी

सोळा. बसतं.

खानदेशी ठेचा

ओळ चांगली झाली. अंगठा मागे घेत नाही. पण ती लाल रेघवाली वही आज काढली. निबंध उन्हाळ्याच्या सुट्टीवर होता आणि निम्मा गाइडातून उतरवलेला निघाला. 'मले वाटते' तेवढं एकच वाक्य माझं होतं. बाईंनी नेमकी त्याच्यावरच रेघ मारली.

चकली

आणि पुढच्या दिवाळी अंकात येणार: डोक्यावरती हंडा तिचा अन्.

तात्या सांगलीकर

मेहुण्यांना विचारलं. पोचा त्यांच्याही गुंडाला आहे. पण बुटका आहे म्हणजे आहेच, फोटो मागवलाय.